एकाच दिवशी क्लास लावला, ती पुढे गेली आणि मी घरी बसले

खारीसिंग · सोमवार, रात्री ११:१०

दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचते आहे. आज पहिल्यांदाच धागा काढते, सांभाळून घ्या.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजार, सासर मांजलपूर. वय ४४, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. लहानपणी आमच्या समोरच्या घरात रोज संध्याकाळी पेटी वाजायची आणि मी ओट्यावर बसून ऐकायची. शिकायचं होतं, पण आधी दहावी, मग बारावी, मग नोकरी, मग लग्न असं करता करता राहूनच गेलं. गेल्या दसऱ्याला सोसायटीतल्या एका मैत्रिणीने विचारलं, "गाण्याच्या क्लासला येतेस का? मी नाव घालतेय." दोघींनी एकाच दिवशी नाव घातलं, एकाच सतरंजीवर बसून पहिला सा लावला.

आता ती भूप रागात ताना घेते. मी अजून आरोह-अवरोहात आहे. आमच्या बाई दर वेळी मलाच थांबवतात, "पंचम उतरतोय, पंचम बघा." मागच्या महिन्यात गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तिला एकटीला बंदिश दिली. मला समूहात, मागच्या रांगेत, हातात झांजा. झांजा वाजवण्यात कमीपणा नाही, पण घरी येताना नवऱ्याने सहज विचारलं, "तुझा आवाज त्यातला कुठला होता गं?" मी घरात शिरले आणि कुकर लावला. भात सकाळचाच होता, कुकरची काही गरज नव्हती.

तेव्हापासून क्लासला गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलंय.

सगळे म्हणतात, तुलना करू नये. पण शेजारी बसलेल्या बाईचा सूर कानात शिरतोच, तो कसा थांबवायचा? आणि तुलना नसती तर मी क्लासला गेले असते का, हेही मला कळत नाही. तुमचा अनुभव काय?

बिनसाखरेचा · सोमवार, रात्री ११:१८

पहिलाच धागा आणि इतका छान! मी अकरा वर्षं इथे आहे, माझ्या सर्वात गाजलेल्या धाग्याला चार प्रतिसाद आले होते. त्यातले दोन माझेच.

बघा, झाली की नाही सुरुवात.

मनुचीआई · सोमवार, रात्री ११:४०

कुकरचं वाचून पोटात कालवलं. माझ्याकडे असं काही झालं की मी कपाट आवरते.

सविस्तर उद्या लिहिते. मुलाचंही असंच काहीसं चालू आहे.

फटकळ · मंगळवार, सकाळी ७:०५

"तुलना करू नका" म्हणायला आता रांग लागेल, त्याआधी मी उलटं बोलून घेतो. मी आज जो काही आहे तो निव्वळ खुन्नसमुळे.

बाजवाड्यात एकत्र घर. दोन खोल्या आमच्या, तीन काकांच्या. चुलतभाऊ माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. बारावीला त्याला ८७ टक्के, मला ५९. निकालाच्या दिवशी आजीने दोघांच्या हातावर पेढा ठेवला. त्याला अख्खा, मला अर्धा. आजी जाऊन पंधरा वर्षं झाली, तो अर्धा पेढा अजून घशात आहे. सीएच्या अभ्यासाला बसलो की समोरच्या भिंतीवर मला तोच दिसायचा. दोनदा ग्रुप उडाला, तिसऱ्यांदा निघाला. आता अलकापुरीत स्वतःचं ऑफिस आहे.

खरी मजा पुढे आहे. मागच्या दिवाळीत भावाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्याशी स्पर्धा करून इथवर आलो. तो बराच वेळ आठवत बसला आणि म्हणाला, "अरे, आजीला साखर होती ने! डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, म्हणून ती वाटताना कोणाच्या तरी पेढ्यातला अर्धा तोंडात टाकायची. त्या दिवशी तुझ्यातला टाकला असेल."

म्हणजे ज्या शर्यतीत मी सहा वर्षं धावलो, त्यात दुसरा धावणारा नव्हताच. पण ऑफिस खरं आहे. ताई, मैत्रिणीचा राग येत असेल तर येऊ द्या. तो राग घेऊन क्लासला जा. घरी ठेवून त्याचं काय लोणचं घालणार?

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत.

बिनसाखरेचा · मंगळवार, सकाळी ७:२२

ती म्हण बिघडलेल्या बैलाबद्दल आहे हो सीएसाहेब. चांगला गुण लागल्याचं त्यात काही नाही.

आजींना मात्र साष्टांग नमस्कार. असा ऑडिट कोणी केला नसेल.

अबोली_५ · मंगळवार, सकाळी ९:३०

एकच प्रश्न. मैत्रिणीला खरं कारण सांगितलंत का?

रेवातीर · मंगळवार, दुपारी १:१५

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं पुस्तकी वाटलं तर सोडून द्या.

लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. आपण कितपत आहोत हे कळून घ्यायची माणसाला ओढ असते. जिथे मोजपट्टी असते तिथे आपण ती लावतो. ताप आहे की नाही हे शेजाऱ्याला बघून ठरवत नाही, थर्मामीटर लावतो. पण "मी बरी गाते का?" याला थर्मामीटर नाही. मग आपण माणूसच मोजपट्टी म्हणून घेतो. त्याचा दुसरा मुद्दा असा की फरक जितका मोठा, तितकी तुलनेची ओढ कमी. किशोरीताईंचं गाणं ऐकून खारीसिंगताईंनी कुकर लावला नसता. कुकर लागला तो एकाच सतरंजीवर बसलेल्या बाईमुळे. जवळचं माणूसच टोचतं.

त्यामुळे "तुलना करू नका" हा सल्ला मला "तहान लागू देऊ नका" अशा प्रकारातला वाटतो. माणूस ती करणारच. आपण मोजतोय काय, एवढं मात्र विचारता येतं. ताईंनी दहा महिन्यांच्या शेवटी कोण काय गातंय ते मोजलं. पण घरी कोण किती वेळ बसलं, लहानपणी कोणाच्या कानावर काय पडलं, हे मोजलंय का?

फटकळ, तुमच्या भावाचे ८७ टक्के तुम्हाला दिसत होते. तो अभ्यास कसा करायचा ते दिसायचं का?

फटकळ · मंगळवार, दुपारी १:५०

दिसायचं की. मधे एकच पडदा होता. रात्री दीडपर्यंत दिवा असायचा त्याचा.

हं. आता तुम्ही म्हणणार, भिंतीवर पेढा नाही, तो दिवा दिसत होता. मी मानणार नाही.

मनुचीआई · मंगळवार, दुपारी ३:२०

कालचं पुरं करते. मुलगा नववीपर्यंत आमच्या जवळच्या साध्या शाळेत होता, वर्गात पहिला-दुसरा. मग मीच हट्टाने त्याला एका मोठ्या कोचिंगच्या "टॉपर बॅच"मध्ये घातलं. तिथे दर रविवारी टेस्ट, आणि सोमवारी नंबरांची यादी सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲपवर. याचा नंबर सत्तावीस, कधी एकतीस. गणितं पूर्वीपेक्षा अवघड सोडवतो, हे मला वही बघून कळतं. पण आता म्हणतो, "आई, मला मॅथ्स येत नाही." हे वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. वर्गात शंका विचारणंही बंद.

माझं चुकलं का?

रेवातीर · मंगळवार, दुपारी ४:००

मनुचीआई, तुम्ही लिहिलंय त्याला नाव आहे. "छोट्या तळ्यातला मोठा मासा." हर्बर्ट मार्श आणि पार्कर यांनी ऑस्ट्रेलियातल्या शाळांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साधारण शाळेत, दुसरं हुशार मुलांच्या शाळेत. दुसऱ्याला आपण अभ्यासात कमी आहोत असं वाटण्याची शक्यता जास्त. त्याची कुवत तेवढीच असते, फक्त शेजारी बदललेले असतात. नंतर इतर देशांतही हेच पुन्हा पुन्हा आढळलं.

फटकळ · मंगळवार, दुपारी ४:१०

मग काय, सगळ्यांना ढ शाळेत घालायचं का?

रेवातीर · मंगळवार, दुपारी ४:२५

नाही हो. चांगल्या वर्गात शिकायलाही जास्त मिळतं, वही बघून आईंना ते दिसलंच. पण मुलाला वही दिसत नाही, यादी दिसते. मी असते तर रविवारच्या टेस्टचा पेपर जपून ठेवला असता आणि तीन महिन्यांपूर्वीच्या पेपरशेजारी ठेवून त्याला दाखवला असता. नंबर झाकून.

लहेरीपुरा_दरवाजा · मंगळवार, सायंकाळी ६:४५

तुलनेचा विषय निघाला आणि बडोदेकर हजाऱ्यांचं नाव घेईनात, हे पाहून आश्चर्य वाटलं. वय वर्षे ७१ असल्यामुळे ही जबाबदारी माझ्यावर येते.

क्रिकेटपटू विजय हजारे जन्माने सांगलीचे, पण खेळले बडोद्याकडून आणि २००४ मध्ये शेवटचा श्वासही इथेच घेतला. १९४३ साली मुंबईत, ब्रेबॉर्नवर, पंचरंगी सामन्यांत (तेव्हा धर्म-समाजावरून पाच संघ पाडायचे) त्यांची आणि विजय मर्चंट यांची चुरस लागली होती. हजाऱ्यांनी 'रेस्ट' संघाकडून मुस्लिम संघाविरुद्ध २४८ केले. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० ठोकले. हजाऱ्यांपेक्षा बरोबर दोन जास्त! हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, रेस्ट १३३ मध्ये गारद, फॉलोऑन. मग दुसऱ्या डावात हजारे उतरले आणि ३०९ केले. संघाच्या ३८७ मधले ३०९! माझे वडील हे आकडे जेवताना म्हणायचे, वदनी कवळ घेताच्या ऐवजी.

याला म्हणतात तुलनेने वाढणं. समोर मर्चंट नसते तर ३०९ झाले असते का? खारीसिंगताईंना त्यांच्या मर्चंट मिळाल्या आहेत. क्लास सोडू नये.

सराफ्यातला · मंगळवार, सायंकाळी ७:१०

काका, इंदूरहून नमस्कार. सामना कोण जिंकलं तेही सांगून टाका ना भिया.

लहेरीपुरा_दरवाजा · मंगळवार, सायंकाळी ७:३०

हिंदू. एक डाव ६१ धावांनी. मुद्दा तो नाही.

आणि इंदूरकरांनी या विषयात बोलताना जपून बोलावं. १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोदा विरुद्ध होळकर, स्थळ बडोदा. हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची चौथ्या विकेटसाठी ५७७ ची भागी. कुठल्याही विकेटसाठीचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. बडोदा ७८४. आपण एक डाव ४०९ धावांनी हरला होतात.

सराफ्यातला · मंगळवार, सायंकाळी ७:४२

जखमेवर मीठ नाही, जीरावण (आमचा पोह्यांवरचा मसाला) चोळून राहिलेत तुम्ही.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९४५-४६ ला, फायनलमध्ये बडोद्याला कोणी हरवलं होतं? होळकरांनी. म्हणजे तुमचे ५७७ ही आमचीच कृपा. गुरुदक्षिणा पाठवा.

बिनसाखरेचा · मंगळवार, सायंकाळी ७:४५

होळकरांच्या रणजी चार, बडोद्याच्या पाच. हा धागा तुलनेच्या दुष्परिणामांवर आहे याची नोंद घ्यावी.

व्यवस्थापक · मंगळवार, रात्री ८:००

क्रिकेटसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

अबोली_५ · मंगळवार, रात्री ८:५०

व्यवस्थापक, एक मिनिट. काकांच्या गोष्टीतलं एक राहिलं. ३८७ मधले ३०९ हजाऱ्यांचे, पण समोर कोण उभं होतं?

लहेरीपुरा_दरवाजा · मंगळवार, रात्री ९:०५

वा, बरोबर पकडलंत. त्यांचा धाकटा भाऊ विवेक. दोघांची ३०० ची भागी. त्यात विवेकचे एकूण २१.

अबोली_५ · मंगळवार, रात्री ९:४०

तेच म्हणायचं होतं. आकड्यांनी तोलायचं तर २१ म्हणजे लाजेने घरी बसायची गोष्ट. पण ते टिकले नसते तर ३०९ कोणी पाहिले असते? बाकीच्या सगळ्यांचे मिळून, अवांतर धावा धरून, ५७ होतात. हिशेब करून बघितला.

मला हे एकदम लागलं, कारण आमच्या घरी उत्तरायणला फिरकी कायम माझ्या हातात. दादा पतंग उडवणार, मी मागे उभी राहून मांजा गुंडाळणार आणि "लपेट, लपेट" ओरडणार. कापलेल्या पतंगांचे आकडे गच्चीच्या भिंतीवर खडूने त्याच्या नावावर. वाडीतल्या प्रत्येक गच्चीवर एक दादा आणि त्याच्यामागे एक फिरकीवाली, असंच चित्र. ३२ व्या वर्षी, दादा परदेशी गेल्यावर, मी पहिल्यांदा स्वतः मांजा धरला. बोट कापलं, पण ढील कधी द्यायची आणि खेच कधी मारायची हे हाताला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं त्याच्या खांद्यावरून तेच तर बघत होते! पहिल्याच दिवशी चार कापले. खडू शोधला, मिळाला नाही.

टोरांटोचा_वारा · बुधवार, पहाटे ४:१५

तुमचा दादा तो मी नव्हे, पण परदेशी गेलेला आहे, म्हणून लिहितो.

मूळचा रावपुऱ्यातला. मी इथून जे फोटो टाकतो त्यात तळं असतं, मेपलची पानं असतात, बर्फ असतो. पहिली दोन वर्षं गोदामात रात्रपाळीला खोकी उचलली, तो एकही फोटो नाही. बडोद्यातले मित्र ते फोटो बघून बायकोला म्हणतात, "बघ, हा कुठे पोचला." आणि तेच मित्र वासणा-भायलीला घेतलेल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचे फोटो टाकतात, आई-वडील सोफ्यावर बसलेले. ते बघून मी इकडे एकटा, भाड्याच्या बेसमेंटमध्ये, मॅगी करतो. दोन्हीकडचे जळतायत आणि दोन्हीकडे कोणी खोटं बोललेलं नाही. फक्त अर्धंच दाखवलंय.

पगाराचे डॉलर रुपयांत करून बघायचे आणि भाड्याचे डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे, ही युक्ती आमच्या सगळ्या नातेवाइकांना येते. मलाही यायची, इथे येण्याआधी.

फटकळ · बुधवार, सकाळी ७:३०

वाऱ्यासाहेब, हे आवडलं. माझ्या क्लायंटांपैकी निम्मे लोक शेजाऱ्याच्या गाडीकडे बघून गाडी घेतात आणि मग हप्त्याचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. शेजाऱ्याचा हप्त्याचा कागदही माझ्याकडेच असतो. दोघांनाही सांगता येत नाही.

मनुचीआई · बुधवार, सकाळी १०:१०

रेवातीरताई, काल रात्री जुना पेपर शोधला. जूनमधला आणि आताचा शेजारी ठेवले. तो दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "जूनमधला सोपा होता." मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे रे. मग काही बोलला नाही, पण दोन्ही पेपर स्वतःच्या फाइलमध्ये ठेवले.

रविवारचा तो व्हॉट्सॲप ग्रुप मी म्यूट केला. बाहेर पडायची हिंमत होत नाही, इतर आया काय म्हणतील! (हसू नका.)

तानपुरावाली · बुधवार, दुपारी १२:३०

गेली बावीस वर्षं गाणं शिकवते, तर मूळ धाग्याबद्दल कोणीतरी गाण्याच्या बाजूनेही बोलावं म्हणून लिहिते. ताईंचा आवाज ऐकलेला नाही, त्यामुळे ठाम काही म्हणणार नाही.

ताई, क्लासमध्ये पट्टी कुठली आहे, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरतात? समूहवर्गात एकच पेटी, एकच तानपुरा, त्यामुळे बाया-मुली सगळ्यांना बहुतेक वेळा काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये गायला लावतात. सोय म्हणून. पण प्रत्येकीची पट्टी तीच असते असं नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदा गायला बसणाऱ्या कितीतरी जणींचा आवाज काळी तीनला, कधी त्याहूनही खाली सुखाने बसतो. त्यांना काळी पाचला बसवलं की वरचा सा ओढून काढावा लागतो. गळा आवळतो आणि मग मधले सूरही जागेवर राहत नाहीत. पंचम उतरण्यामागे हे एक कारण असू शकतं. एकमेव नाही! कान तयार नसणं हेही असतं, आणि रियाज नसणं हे तर असतंच.

घरी एक करून बघा. फोनवर तानपुरा लावा, काळी तीनला. सावकाश खाली उतरा, मंद्र पंचमापर्यंत आवाज पोचतो का बघा. मग वर तार गंधारापर्यंत न ओरडता जाता येतं का बघा. दोन्ही टोकं जिथे जमतात ती तुमची पट्टी. भूप यासाठी चांगला, म आणि नी नाहीतच, पाचच सुरांचा हिशेब ठेवायचा.

मैत्रिणीच्या पट्टीत गाऊन मैत्रिणीशी तोलणं हे दुसऱ्याच्या चपला घालून शर्यत हरण्यासारखं आहे.

बिनसाखरेचा · बुधवार, दुपारी १२:४०

आमच्या पट्टीचं काय? मला शाळेत फक्त लाकडी पट्टी माहीत होती. तळहातावर.

सराफ्यातला · बुधवार, दुपारी १:०५

यांचं बरोबर आहे. इंदूरला माझ्या बायकोच्या भजनी मंडळात हाच घोळ. एक काकू काळी पाचच्या, बाकी अकरा जणी त्यांच्यामागे फरफटत. देवाला काय वाटत असेल, कोणास ठाऊक.

लहेरीपुरा_दरवाजा · बुधवार, सायंकाळी ६:१५

संगीताचाच विषय आहे तर सांगतो, आपल्या गावात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीतशाळा सुरू झाली. घराण्याबाहेरच्या सामान्य माणसालाही गाणं शिकता यावं म्हणून सयाजीरावांनी ती काढली. आणि स्वतः सयाजीराव काय होते? १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे, लिहिणं-वाचणं जवळजवळ नाहीच. बरोबरीची राजघराण्यातली मुलं कुठल्या कुठे पुढे गेलेली. त्यांच्याकडे बघत बसले असते तर?

बिनसाखरेचा · बुधवार, सायंकाळी ६:२०

काका, त्यांना शिकवायला इलियटसाहेब होते, खास नेमलेले. खारीसिंगताईंना काउंटरवर केवायसीची रांग आहे. ही तुलना बसत नाही.

लहेरीपुरा_दरवाजा · बुधवार, सायंकाळी ६:३५

मान्य. मागे घेतो. संगीतशाळेचं मात्र मागे घेणार नाही.

अबोली_५ · बुधवार, रात्री ९:००

धागाकर्त्या कुठे गेल्या? माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

खारीसिंग · शनिवार, रात्री १०:५०

इथेच आहे. वाचत होते रोज. नवऱ्यालाही वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "मी वाईट अर्थाने नव्हतं विचारलं, मला खरंच ओळखायचा होता तुझा आवाज." असो. ते प्रकरण मिटलं.

अबोलीताई, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप नाही. गुरुवारी मैत्रिणीकडे गेले. गुडघ्याचं खरं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला वाटलं मला बंदिश दिली म्हणून तू बोलत नाहीयेस," म्हणजे तिला कळलंच होतं. मग मी रेवातीरताईंचा प्रश्न विचारला, घरी किती बसतेस? ती पहाटे सव्वापाचला गच्चीवर जाते, फोनवर तानपुरा लावून पाऊण तास. रोज. दिवाळीपासून. मी आठवड्यातून दोनदा क्लासला जायची आणि तेच माझं गाणं. दहा महिने मी तिच्या ताना ऐकल्या, गच्ची कधी ऐकली नाही. तिनेही सांगितलं नाही, लोक हसतील म्हणून.

हे कळल्यावर बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. वाईट अशासाठी की मला पहाट मिळणारच नाही. सव्वापाचला सासूबाईंचं इन्सुलिन, मग दोन डबे. तिच्याकडे तिची सून आहे. त्यामुळे तिच्याएवढं होणं या वर्षी तरी माझ्या हातात नाही. पण रात्री साडेनऊ ते दहा टीव्ही बंद करता येतो. केला. घरात थोडी नाराजी आहे.

तानपुरावालीताई, क्लास काळी पाचलाच आहे! घरी काळी तीनला गाऊन बघितलं. खाली मंद्र पंचम मिळतो, वर तार गंधार जरा ओढून. पंचम बराच जागेवर येतो. सगळा नाही. दहातला सहा वेळा. म्हणजे सगळा दोष पट्टीचा नव्हता, थोडा माझाही होता. शुक्रवारी क्लासला गेले आणि बाईंना घाबरत घाबरत विचारलं. त्या म्हणाल्या, "समूहात नाही जमणार, पण शेवटची दहा मिनिटं तुम्ही एकट्या काळी तीनला गा." प्रारंभिकच्या, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेला मैत्रीण या सत्राला बसणार आहे. मी पुढच्या.

फटकळदादा, राग घेऊन गेले होते, पण सव्वापाच ऐकल्यावर तो कुठे गेला कळलं नाही. लोणचं घालायला उरला नाही.

फटकळ · शनिवार, रात्री ११:०५

हरकत नाही. मला अजून थोडा शिल्लक आहे, लागला तर सांगा.

मनुचीआई · शनिवार, रात्री ११:१२

दहातला सहा! तारीख घालून लिहून ठेवा कुठेतरी.

बिनसाखरेचा · शनिवार, रात्री ११:२०

आणि गुडघा कसा आहे?

खारीसिंग · शनिवार, रात्री ११:२६

आता खरोखर दुखतो. रोज अर्धा तास मांडी घालून बसायची सवय राहिली नाही.

तानपुरावाली · शनिवार, रात्री ११:३१

घडी घातलेली उशी घ्या बुडाखाली, चार बोटं उंच. मैत्रिणीसाठीही एक न्या, तिचाही दुखत असणार. सांगत नसेल.